बॉनेटखालचं काळीज

मेलेल्या माणसाच्या काळजाचे ठोके ऐकायला आमच्या गावात सकाळी सातपासून माणसं जमायची.

महाराजांच्या आश्रमाच्या लोखंडी फाटकासमोर एक पिवळी व्हॅन उभी असायची. जुनी, पुढे लांब नाक असलेली. तिच्या बॉनेटला एका वेळी दहा-बारा कान मावायचे, म्हणून लोक लवकर येऊन जागा धरायचे. पोस्टमास्तर उजव्या दिव्याजवळ, बेकरीवाला मधोमध, आणि आमच्या मुख्याध्यापिकाबाई डाव्या बाजूला, चष्मा काढून हातात धरलेला.

"सरका, पुढे सरका," महाराज म्हणायचे. "मागच्यांनाही ऐकायचंय. एकाच माणसानं दोन्ही कान लावू नयेत."

मग ते डोळे मिटायचे आणि तळहात बॉनेटवर ठेवायचे. आवाज एकदम मऊ व्हायचा. "गाडीवाल्या, लेकरा, ऊठ. तुझी पोरं शाळेला खोळंबलीत. मी आलोय. ऊठ." आणि बोटाच्या पेरानं पत्र्यावर दोनदा वाजवायचे. टक, टक.

आणि आतून आवाज यायचा. टिक टिक टिक टिक. आधी भरभर, मग सावकाश, मग एखाददुसरा, मग बंद.

"आला! ठोका आला!"

"अहो, हळू. जाईल तो."

"हृदयविकारानंच गेला ना बिचारा? बघा, शेवटी ते काळीज इथं येऊन बसलं."

कुणीतरी हुंदका द्यायचं. आत बसलेला तरुण माणूस किल्ली फिरवायचा, व्हॅन सुरू व्हायची, आणि जयजयकारानं बँकेच्या छपरावरची कबुतरं उडायची.

ती व्हॅन माझ्या दादाची. दादाला जाऊन तेव्हा पंधरवडाही झाला नव्हता. आत बसून किल्ली फिरवणारा माझा धाकटा भाऊ. आणि रस्त्याच्या कडेला, अकरा मुलांना भिंतीशी उभं करून, मान खाली घालून उभी असलेली बाई म्हणजे माझी वहिनी. रोज घरापासून फाटकापर्यंत व्हॅन तिच्या हातानं यायची आणि फाटकाशी येऊन मरायची.

आज मी ऐंशी ओलांडली आहे. काल काय जेवले ते विचारलंत तर सांगता येणार नाही. पण त्या बॉनेटचा पत्रा किती गरम होता हे माझ्या कानाला अजून आठवतं. हो, मीही कान लावला होता. मी शाळेत विज्ञान शिकवत होते. फळ्यावर हृदयाचे चार कप्पे काढून दाखवत होते. तरी कान लावला, आणि ठोके ऐकून हात जोडले. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मी इतरांना हसले तर तुम्हाला माझंही हसं करता येईल.

*

दादा शाळेची मुलं ने-आण करायचा. अकरा मुलं, सकाळी आणि दुपारी. पुढच्या सीटवर कायम एकच मुलगी, कारण तिला मागे बसलं की उलटी व्हायची. तिला सगळे 'उलटीबाई' म्हणायचे, आणि तीही ओ द्यायची.

रविवारी दादा वहिनीला गाडी शिकवायचा. सिमेंटच्या गोदामामागे मोकळं मैदान होतं. मी मागच्या सीटवर, देखरेखीला.

"क्लच हळू सोड. रुसलेल्या माणसाशी बोलतात ना, तसं."

"म्हणजे तुमच्याशी बोलते तसं?"

"आणि ब्रेक वेळेवर दाब."

"ब्रेकची काय गरज? मागे वन्सं बसल्यात ना. त्या किंचाळतातच."

वहिनीनं परवाना काढला तेव्हा गावात गाडी चालवणारी ती एकटीच बाई होती. दादाला त्याचं कोण कौतुक. मुद्दाम तिच्या शेजारी बसून बाजारातून जायचा आणि ओळखीच्या माणसांना हात करायचा.

धाकट्याचं मात्र त्या व्हॅनवर वेगळंच प्रेम होतं. किल्ली खिळ्यावर असायची. तो विचारायचा नाही, उचलायचा आणि जायचा. एकदा मित्रांना घेऊन कुठल्याशा तळ्यावर गेला. इकडे शाळा सुटली. अकरा मुलं दोन तास उन्हात शाळेच्या फाटकाबाहेर उभी. उलटीबाई चक्कर येऊन पडली आणि तिची हनुवटी फुटली.

दादा ओरडला नाही. मग एका रविवारी व्हॅनखाली पाठीवर पडून काहीतरी खुडबुड करताना मला दिसला.

"काय रे, काय करतोस?"

"हॉर्नची वायर सैल झालीय."

हॉर्न त्याआधीही वाजत होता.

त्यानंतर धाकट्यानं दोनदा व्हॅन उचलली. दोन्ही वेळा ती किलोमीटरभर जाऊन भर रस्त्यात बंद पडली आणि त्याला चालत परत यावं लागलं. "भंगार आहे तुझी गाडी," तो दादाला म्हणाला. दादा म्हणाला, "हो, जुनी झालीय." आणि जाऊन दादाच गाडी घेऊन आला. मग धाकट्यानं नाद सोडला.

हे सगळं मी पाहिलं होतं. पाहिलेलं एकमेकांना जोडून बघायला मात्र मला फार उशीर झाला.

एका शनिवारी मुलांना सोडून येताना दादाच्या छातीत कळ आली. तो स्वतः गाडी चालवत इस्पितळात गेला, गाडी आखलेल्या रेघांच्या आत नीट लावली, आणि चालत आत जाऊन बाकावर बसला. दोन दिवस काढले त्यानं. तोंडावर प्राणवायूचा मुखवटा, बोलायची बंदी. दुसऱ्या दिवशी दुपारी वहिनी कपडे आणायला घरी आली. उशाशी धाकटा होता. ती परत पोचली तेव्हा चादर तोंडावर ओढलेली होती.

"काही बोलले का?" तिनं विचारलं.

"नाही," धाकटा म्हणाला. "काहीच नाही."

व्हॅन इस्पितळातून घरी धाकट्यानं आणली. तेव्हा ती कुठेही बंद पडली नाही. हेही कुणाच्या लक्षात आलं नाही.

*

आठवा दिवस झाला आणि वहिनी म्हणाली, "वन्सं, उद्यापासून मी चालवते. अकराही घरी जाऊन विचारून आलेय. हो म्हणाल्या सगळ्या आया."

धाकटा तिथंच होता. "तू? लोक काय म्हणतील? मी चालवतो, तू घर बघ."

"तुमच्या हाती त्या आया मांजरसुद्धा देणार नाहीत, भावजी."

तो हसला. मला ते हसू आवडलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलं नेहमीप्रमाणे आमच्या घरासमोर जमली आणि वहिनीनं त्यांना गाडीत घेतलं. व्हॅन घरासमोरून झोकात निघाली. बाजार ओलांडला, बँक ओलांडली, आणि महाराजांच्या फाटकासमोर खोकून बंद पडली. किल्ली फिरवली, नुसतंच घरघरली. महाराज बाहेर आले ते असे, की जणू दाराआड चपला घालूनच उभे होते. पाठोपाठ सायकलवर धाकटा.

"बाई," महाराज म्हणाले, "त्रास करून घेऊ नकोस. तो गाडी सोडून गेलेला नाही. त्याचा जीव आत अडकलाय. आणि तुझ्या हातावर त्याचा भरवसा नाही."

एवढं एक वाक्य. अकरा मुलांसमोर, जमलेल्या बाजारासमोर.

मग धाकट्याला आत बसवलं, पत्र्यावर टक टक झालं, आतून ठोके आले आणि गाडी सुरू झाली. पुढचं तुम्हाला सांगितलंच. रोज सकाळी वहिनी निघायची, रोज फाटकाशी गाडी मरायची, रोज महाराज तिला जिवंत करायचे. पुढे, महाराजांच्या शब्दावर आया राजी झाल्यामुळे, धाकटा मुलांना शाळेत सोडायचा, दुपारी परत आणायचा आणि गाडी घरी आणून लावायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

मेकॅनिक बोलावला. तो घरी आला, गाडी सुरू केली, कान देऊन ऐकली. "इंजिन ठणठणीत आहे, बाई." फाटकाशी येऊन बघतोस का म्हटलं तर त्यानं कानाच्या पाळ्या धरल्या. "तिथं नको. तिथं महाराजांशिवाय कुणी बॉनेटला हात लावला तर लोक मला फाडून खातील."

वहिनी वाळत चालली. घरात कामं करताना मध्येच थांबायची.

"वन्सं, मी त्यांचं काय वाईट केलं हो?"

"वेडी आहेस का?"

"मग माझ्यावर भरवसा का नाही त्यांचा? मीच शिकले ना त्यांच्याकडून? त्यांनीच शिकवलं ना?"

गाडीपेक्षा हे मोठं होतं. गाडी गेली असती तर तिनं दुसरं काम शोधलं असतं. पण अकरा वर्षं ज्या माणसाबरोबर संसार केला, तो मेल्यावर रोज सकाळी चारचौघांत तिला नाकारत होता. आणि त्याचे ठोके ऐकायला ती रोज, लाज गिळून, पुन्हा तिथं जात होती. सगळे दूर झाले की शेवटी एकदा तीही बॉनेटला कान लावायची. तोवर आवाज थांबलेला असायचा.

तिसऱ्या आठवड्यात महाराजांनी कागद तयार केला. गाडी आश्रमाच्या सेवेत, चालक धाकटा. 'मृतात्म्याच्या शांतीसाठी स्वखुशीने.' सोमवारी सकाळी, फाटकाशी, सगळ्यांसमोर सही.

"करते मी सही," वहिनी म्हणाली. "सुटू देत एकदाचे. मीही सुटते."

*

शनिवारी मी गर्दीत होते, पण त्या दिवशी कान लावायला जागा मिळाली नाही. लांबून नुसतं बघत राहिले. कधी कधी माणसाला जागा न मिळणंच बरं.

महाराजांचा हात दिसत होता. करंगळीचं नख लांब वाढवलेलं. बोटाच्या पेरानं पत्र्यावर टक, टक. आणि माझ्या डोक्यात वीस वर्षांपूर्वीची एक बस सुरू झाली.

मी शिक्षिकेचं शिकायला रोज त्या बसनं जायचे. बसच्या घंटीची दोरी तुटलेली असायची, म्हणून कंडक्टर पत्र्यावर पेरानं वाजवायचा. एकदा वाजवलं की थांब. दोनदा वाजवलं की चल. लांब नखाचा, बडबड्या कंडक्टर. "सरका, पुढे सरका, मागच्यांनाही जायचंय." तोच आवाज! फक्त तेव्हा खाकी होती, आता पांढरा झगा.

माणूस ओळखला म्हणून मला काही फार मोठा शोध लागला नव्हता. कंडक्टरनं महाराज होऊ नये असा कायदा नाही. पण मी घरी येताना विचार करत होते: कंडक्टर पत्र्यावर वाजवतो ते कुणासाठी? गाडीसाठी नाही. ड्रायव्हरसाठी. ती खूण असते. मग ही खूण धाकट्याला असेल, तर खूण मिळाल्यावर तो काय करतो?

आणखी एक आठवलं. गुरुवारी गाडी फाटकापर्यंत पोचलीच नव्हती. बँकेच्या कोपऱ्यावरच बंद पडली. चार भक्तांनी ती ढकलत फाटकाशी आणली आणि मग म्हणाले, बघा, बरोबर इथंच येते! एकदा ती फाटक ओलांडून पुढे गेली होती, तेव्हा तिला मागे ढकललं होतं. या ढकलाढकलीचा हिशेब कुणी ठेवला नव्हता. मीही नाही.

रविवारी सकाळी धाकटा महाराजांकडे गेलेला होता. मी घरापासून फाटकापर्यंत पावलं मोजत गेले आणि आले. बाराशे आणि काही. मग वहिनीला म्हटलं, "किल्ली घे."

"आज? आज शाळा नाही."

"म्हणूनच. चल, गाडी काढ. फक्त आज उजवीकडे नको, डावीकडे वळ."

"डावीकडे काय आहे?"

"काही नाही. तेच बघायचंय."

व्हॅन झोकात निघाली. डावीकडे वळलो. सिमेंटचं गोदाम गेलं, लाकडाची वखार गेली. मी खिडकीतून खांब मोजत होते. वहिनीचे ओठ गच्च मिटलेले. आणि बाराशे पावलांच्या आसपास गाडी खोकली, दोन आचके दिले आणि थांबली.

आम्ही बाहेर बघितलं. उजव्या हाताला नगरपालिकेची सार्वजनिक मुतारी होती. आतून एक म्हातारे गृहस्थ बाहेर येत होते. आम्ही दोघी त्यांच्याकडे टक लावून बघतोय हे बघून ते गडबडीनं परत आत गेले.

"उतर वहिनी," मी म्हटलं. "हात जोड. इथंही मोठी शक्ती दिसतेय."

वहिनीनं माझ्याकडे बघितलं. आणि मग ती हसायला लागली. बावीस दिवसांपासून न हसलेली बाई स्टिअरिंगवर डोकं ठेवून इतकी हसली, की हॉर्न दाबला गेला आणि वाजत राहिला. मग ते हसणं कधी रडण्यात गेलं ते कळलं नाही.

हॉर्न ऐकून समोरच्या घरातून उलटीबाई धावत आली. तोंडात ब्रश, ओठांवर फेस.

"काकू, बंद पडली?"

"हो गं बाळा."

"मग तुम्ही टक् केलं नाही?"

"कसलं टक्?"

"काका करायचे ते." तिनं ब्रश काढून हातात घेतला. "बसले की सीटखाली हात घालायचे. टक्. मग टिकटिक वाजायचं. उतरताना परत टक्. मी विचारलं तर म्हणाले, हे आपल्या दोघांचं गुपित. म्हणून मी कुणाला नाही सांगितलं." ती जरा घाबरली. "सांगितलं तर चालेल ना आता?"

वहिनी सीटवरून हललीच नाही. मीच वाकून हात घातला. सीटच्या लोखंडी पट्टीच्या मागे, बोटांना जेमतेम लागेल असा, दिव्याच्या बटणाएवढा खटका. दाबला.

टिक टिक टिक टिक.

आमच्या समोर, मुतारीच्या दारात, दादाचं काळीज सुरू झालं.

*

त्या काळच्या त्या व्हॅनमध्ये टाकीतलं पेट्रोल इंजिनाकडे ओढायला विजेवर चालणारा छोटा पंप असे. तो चालताना टिकटिक करी. पंपानं ओढलेलं पेट्रोल इंजिनापाशी एका कटोरीत साठतं आणि तिथून जळायला जातं. कटोरी भरली की टिकटिक थांबते. दादानं पंपाची वायर कापून मध्ये खटका बसवला होता. खटका बंद असला तरी गाडी सुरू होते, कारण कटोरीत पेट्रोल असतं. ते किलोमीटरभर पुरतं. मग गाडी मरते, आणि खटका माहीत नसेल तर कुणाच्या बापाला सुरू होत नाही.

दादा हुशार होता. गाडी अजिबात सुरूच झाली नसती तर चोर अंगणात बसून निवांत बिघाड शोधत राहिला असता. ही त्याला रस्त्यात, लोकांसमोर सोडायची. घरापासून किलोमीटरभर. दुर्दैव एवढंच, की उजवीकडे किलोमीटरभरावर महाराजांचं फाटक होतं.

"चोरासाठी बसवला," मी म्हटलं.

"चोरासाठी नाही, वन्सं. भावासाठी." वहिनी खटक्यावर बोट ठेवून बसली होती. "भावासाठी कुलूप लावलं हे कुणाला सांगायची लाज वाटली असेल. तेही समजतं मला. पण मलासुद्धा नाही सांगितलं? त्या पोरीला सांगितलं आणि मला नाही?"

महाराजांचं वाक्य तिच्या काळजात तसंच रुतलेलं होतं. पंप कळला तरी ते निघालं नव्हतं.

सोमवारी फाटकाशी नेहमीच्या दुप्पट गर्दी. टेबल मांडलेलं, त्यावर कागद, पेन. बॉनेटची वाट बघत दहा-बारा कान तयार.

व्हॅन आली. आणि न थांबता पुढे गेली.

लोक बघतच राहिले. ती चौकात वळली, परत आली आणि फाटकासमोर वहिनीनं स्वतः ब्रेक दाबून थांबवली. मी खाली उतरले.

महाराज क्षणभर गांगरले, पण क्षणभरच. लगेच दोन्ही हात वर. "बघितलंत? पहाटेच मी त्याला मोकळं केलं! जीव सुटला! बाई, आता सही कर आणि तूही मोकळी हो."

जयजयकार सुरू झाला. मी ओरडले, वर्गात ओरडतात तशी. "गप्प बसा सगळे!" अर्ध्या गावाला मी शिकवलेलं होतं. बसले गप्प.

"मोकळं केलंत का? मग पुन्हा बांधू."

वहिनीनं सीटखाली हात घालून खटका बंद केला आणि ॲक्सिलरेटरवर पाय दाबून धरला. इंजिन किंचाळत राहिलं, किंचाळत राहिलं, मग खोकलं आणि मेलं.

"आता उठवा त्याला. लावा रे सगळे कान."

महाराजांनी डोळे मिटले. टक, टक. काही नाही. पुन्हा टक, टक. बेकरीवाला कुजबुजला, "काहीच नाही वाजत."

"अविश्वासाची सावली पडलीय," महाराज म्हणाले. "ज्या हातात भाव नाही..."

"दूधवाले," मी गर्दीतल्या सायकलवाल्याला म्हटलं, "जरा दोनदा घंटी वाजवा."

"मी? कशाला, बाई?"

"वाजवा तर."

ट्रिंग, ट्रिंग. आणि बॉनेटखालून टिक टिक टिक टिक. वहिनीनं किल्ली फिरवली. गाडी सुरू.

"घ्या," मी म्हटलं. "दूधवाले महाराज."

हशा पिकला. दूधवाला मात्र भेदरून सायकलवरून उतरला आणि घंटीकडे बघत राहिला. मी एकेकाला बोलावलं. पोस्टमास्तर, बेकरीवाला, आमच्या मुख्याध्यापिकाबाई. सीटखाली हात घाला, दाबा, ऐका. पुन्हा दाबा, ऐका. पंप कुठे, कटोरी कुठे, बॉनेट उघडून दाखवलं. आत एक तेलकट डबी होती, मुठीएवढी. काळीज म्हणायला आकार बरा होता.

महाराज कागद घेऊन केव्हा आत गेले कळलं नाही. फाटकाला आतून कडी लागलेली ऐकू आली.

धाकटा मात्र तिथंच उभा होता. मी त्याच्यासमोर गेले.

"तुला हा खटका कधी सापडला?"

"मला काय माहीत? सापडला असाच."

"दोनदा रस्त्यात बंद पडली तेव्हा नाही सापडला. गाडी इस्पितळातून आणलीस तेव्हा बरा सापडला?"

"ताई, सगळ्यांसमोर कशाला..."

"सगळ्यांसमोरच. तिला बोललात ते सगळ्यांसमोर बोललात."

त्याचा चेहरा लाल झाला. "मला दादानंच सांगितलं होतं! मला! तोंडावरचं काढून सांगितलं. त्याचा माझ्यावर भरवसा होता म्हणून..."

"काय सांगितलं? शब्द न् शब्द सांग."

वहिनी गाडीतून उतरली होती. अगदी हळू आवाजात म्हणाली, "भावजी, काय म्हणाले ते?"

त्यानं तिच्याकडे बघितलं नाही. जमिनीकडे बघून बोलला. "म्हणाला, तिला सांग, सीटखाली खटका आहे. म्हणाला, पोरं खोळंबतील. उद्यापासून गाडी ती चालवेल."

मागे व्हॅन चालूच होती.

*

इथं गोष्ट संपली असती तर मलाही बरं वाटलं असतं.

महिन्याभरात महाराज गाव सोडून गेले. कुणी हाकललं नाही. उलट चार माणसं सामान चढवायला होती. पुढे ते कुठल्याशा गावी विहिरीतून आवाज काढतात असं ऐकलं. आमच्या गावात लोक म्हणायला लागले, "हा खोटा निघाला हो, पण खरे असतात." बेकरीवाला, ज्यानं स्वतः खटका चारदा दाबून बघितला होता, तो मला म्हणाला, "ते सगळं ठीक आहे बाई, पण ती टिकटिक अगदी काळजासारखीच होती, हे तुम्हीसुद्धा नाकारू शकणार नाही."

आणि मुलं. त्या सोमवारनंतर, दुसऱ्याच दिवशी, अकरातली तीनच आली. मी घरोघर गेले. "आमचा विश्वास नाही हो असल्या गोष्टींवर," एक आई म्हणाली, चांगली शिकलेली. "पण लेकरांचा प्रश्न आहे. उगाच कशाला?" महाराजांना खोटं पाडता आलं, पण त्या 'उगाच कशाला'ला काही खटका नव्हता. वहिनीनं तीन मुलांवर एक वर्ष व्हॅन चालवली. उलटीबाई शेवटपर्यंत पुढच्या सीटवर होती. मग व्हॅन विकली, आणि वहिनी इस्पितळात चादरी धुण्याच्या कामाला लागली. त्याच इस्पितळात. एकवीस वर्षं.

धाकट्याशी मी पुन्हा बोलले नाही. त्यानं गाडी चोरली असती तर कदाचित माफ केलं असतं. त्यानं मेलेल्या माणसाचा निरोप चोरला होता, आणि त्या जागी दुसऱ्याचं एक खोटं वाक्य ठेवू दिलं होतं.

व्हॅन विकण्याआधी वहिनीनं तो खटका काढून घेतला. दोन वायरींची टोकं लोंबत होती. शेवटपर्यंत तो तिच्या शिवणाच्या डब्यात होता, बटणं आणि सुयांमध्ये. एकदा सुई शोधताना तो माझ्या हाती आला. ती म्हणाली, "राहू द्या वन्सं तिथंच. निरोप आहे तो माझा. बावीस दिवस उशिरा पोचला, पण पोचला."

आता तो डबा माझ्याकडे आहे. गेल्या आठवड्यात शेजारची सून मला बोलवायला आली. कुठल्याशा घराच्या भिंतीतून रोज संध्याकाळी आपोआप पाणी पाझरतं, म्हणे. रोज त्याच वेळी, त्याच जागी. मोठी गर्दी होते. तिच्या हातात फोन, त्यात त्या भिंतीची चित्रफीत.

"आजी, चला ना. हात जोडायला काय जातं?"

काय जातं? मी तिला खाली बसवलं. डब्यातून खटका काढून तिच्या हातावर ठेवला आणि ही सगळी हकीकत सांगितली, जशी तुम्हाला सांगितली तशी. मग म्हटलं, चल, मी येते तुझ्याबरोबर. पण समोरून बघून झालं, की आपण दोघी त्या भिंतीच्या मागच्या बाजूला जाऊ. तिथं नळ कुठे आहे आणि संध्याकाळी तो कोण सोडतं, तेवढं विचारू. मग हात जोडायचे का ते तू ठरव.

तुमच्याकडेही माझं एवढंच मागणं आहे. मी तुम्हाला शूर व्हा म्हणत नाही, कुणाशी भांडा म्हणत नाही. रोज जी गाडी उजवीकडे जाऊन थांबते, ती हात जोडण्याआधी एकदा डावीकडे चालवून बघा. आम्हाला त्यासाठी एक रविवारची सकाळ पुरली असती. आम्ही ती काढेपर्यंत बावीस दिवस गेले, आणि तेवढ्यात एका बाईच्या गाडीतून अकरातली आठ मुलं कमी झाली.